घरात आर्केड मशीन: तयार घ्यायचं की मेस्ताकडून (सुताराकडून) करून घ्यायचं

गेल्या चवथीला आरती संपली की घरातली पोरं सरळ हॉलच्या कोपऱ्यात पळायची, तिथे आमचं आर्केड मशीन, म्हणजे गेम पार्लरमध्ये असायचं तसं उभं मशीन आहे, आणि पोरांच्या मागोमाग त्यांचे बाप पण यायचे, कारण नव्वदच्या दशकात म्हापशात नाहीतर मडगावात शाळा-कॉलेज केलेल्या माणसासमोर नुसतं "मुस्तफा" म्हटलं तरी हात जॉयस्टिक धरल्यासारखा होतो. गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा, १९९३ चा, पण आपल्याकडे पार्लरमध्ये ते नाव कधी कुणी घेतलंच नाही. तर त्या दीड दिवसात निदान चार जणांनी विचारलं की हे कुठून घेतलं, केवढ्याला पडलं, तयार मिळतं का. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. तयार की घरी बनवलेलं हा प्रश्न पैशाचा वाटतो पण आपल्या गोव्यात तो पावसाचा आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत इतका ओलावा असतो की कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, मग लाकडाच्या पेटीत बंद केलेल्या वीस-पंचवीस बटणांचं आणि वायरींचं काय होणार? म्हणजे मशीन आज ना उद्या बिघडणारच, आणि तेव्हा ते उघडणार कोण, सुटा भाग मिळणार का, हेच बघून ठरवायचं. बाकी सगळं नंतर.

तयार म्हणजे काय काय मिळतं ते सांगतो. सगळ्यात स्वस्त म्हणजे टीव्हीच्या मागे लावायची गेम स्टिक, दोन वायरलेस कंट्रोलर आणि "दहा हजार गेम" लिहिलेला खोका. ती भेट म्हणून पण देऊ नका, त्यात तेच गेम वेगवेगळ्या नावांनी भरलेले असतात आणि कार्ड हलक्या प्रतीचं असतं. त्याच्या वर येतो पॅंडोरा बॉक्स, म्हणजे दोन जॉयस्टिक आणि बटणं बसवलेली लांब पेटी, आत चायनीज बोर्ड, टीव्हीला एचडीएमआयने जोडायची. ही त्यातल्या त्यात बरी, कारण आतले जॉयस्टिक-बटणं बहुतेक वेळा ठरलेल्या मापाचीच असतात, उद्या बोर्ड मेला तरी पेटी कामाला येते. मग पूर्ण उभं कॅबिनेट, आपल्या देशात बनवून देणारे लोक आहेत, आणि बाहेरून आणायचं तर आर्केड१अप ही कंपनी आहे, २०१८ मध्ये सुरू झाली, त्यांचं मशीन मूळ मशीनच्या साधारण पाऊण मापाचं आणि गेम लायसन्सवाले. बाहेरून आणताना जहाजाचं भाडं आणि कस्टम धरून किंमत कुठच्या कुठे जाते, आणि अॅडॅप्टरच्या लेबलवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का ते वाचून घ्या, आपल्याकडे २३० आहे.

माझ्या चुलतभावाने तयार कॅबिनेट घेतलं होतं, दिसायला एकदम झकास, दोन्ही बाजूंना चित्रं, वर लाइटवाली पाटी. एप्रिलमध्ये आलं. ऑगस्टमध्ये मी त्याच्याकडे गेलो तेव्हा खालचा भाग पावासारखा फुगला होता, कडेची प्लास्टिकची पट्टी सुटून बाहेर आलेली, आणि बोटाने दाबलं की भुसा गळायचा. एमडीएफ होतं ते, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी. फरशी पुसताना रोज थोडं थोडं पाणी खालून प्यायलं. दुकानवाला म्हणाला वॉरंटी फक्त इलेक्ट्रॉनिक्सला आहे. मागचं झाकण उघडून बघितलं तर आतलं सगळं ठीक होतं, स्क्रीन ठीक, बोर्ड ठीक, नुसतं अंग गेलं होतं. त्या दिवशी मी ठरवलं की आपण करू तेव्हा आतलं सामान विकत आणू आणि अंग मात्र आपल्या मेस्ताकडूनच करून घेऊ.

पण सगळ्यांनी बनवावं असं माझं म्हणणं नाही हां. चवथ पंधरा दिवसांवर आलीय आणि पोरांना कबूल केलंय तर गपचूप पॅंडोरा बॉक्ससारखी पेटी घ्या. घरात स्क्रू ड्रायव्हर हातात घेणारं कुणी नाही, तरी तयारच घ्या, पण जवळच्या माणसाकडून घ्या जो घरी येऊन दुरुस्त करून देईल, आणि पैसे द्यायच्या आधी तीन गोष्टी विचारा: लाकूड प्लाय आहे की एमडीएफ, मागचं झाकण साध्या स्क्रूने उघडतं का, आणि बटणं नेहमीच्या मापाची आहेत का. तिसऱ्या प्रश्नाला जो गोंधळतो त्याच्याकडून घेऊ नका.

आता बनवायचं ठरवलं तर लोक पहिली चूक करतात ती म्हणजे थेट कॅबिनेटचं ड्रॉइंग घेऊन मेस्ताकडे जातात. असं करू नका, कळकळीने सांगतो. आधी फक्त कंट्रोल पॅनल बनवा, म्हणजे जॉयस्टिक आणि बटणांची पेटी, ती घरच्या टीव्हीला जोडा आणि दोन-तीन महिने खेळा. आर्केडची खरी मजा हातात असते, स्क्रीन कुठलीही चालते. पेटी खेळून खेळून कळतं की घरात हे खरंच वापरलं जाणार आहे की पंधरा दिवसांचं वेड आहे, आणि बटणं कुठे हवीत ते पण कळतं. पुढे कॅबिनेट केलं तर हीच पेटी वर बसते, काही वाया जात नाही.

पेटीसाठी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. त्यावर हात ठेवा, डावा हात जॉयस्टिकवर, उजव्याची बोटं जिथे सहज पडतात तिथे खुणा करा. दहा रुपयाचं नाणं २७ मिलीमीटरचं असतं, त्याने गोल काढले तर बटण केवढं दिसेल याचा चांगला अंदाज येतो. ३० मिलीमीटरची बटणं असतील तर एका मध्यापासून दुसऱ्या मध्यापर्यंत ३५-३६ मिलीमीटर ठेवा, नाहीतर खालचे नट एकमेकांना अडतात. स्ट्रीट फायटर २ ला सहा बटणं लागतात, तीन बुक्क्या तीन लाथा, १९९१ पासून हेच चालत आलंय, म्हणून सहाच ठेवा, आठ कुणाला लागत नाहीत. बाजूला स्टार्ट आणि कॉइनची दोन छोटी २४ मिलीमीटरची, ती हाताच्या वाटेत अजिबात नको, नाहीतर ऐन फायटमध्ये गेम थांबतो आणि भावाभावांत भांडणं.

जॉयस्टिकला पैसे घाला, इथे काटकसर नको. जपानी सान्वा आणि सेइमित्सू ही नावं या धंद्यात मानाची, त्यांच्या नकला पण मिळतात आणि सुरुवातीला नकल चालते, बटणं नंतर एकेक करून बदलता येतात. जॉयस्टिकखाली एक प्लास्टिकची चौकट असते, तिला गेट म्हणतात, बऱ्याच स्टिकवर ती फिरवून ४-वे किंवा ८-वे करता येते. ही बारीक गोष्ट वाटते पण पॅक-मॅन हा १९८० चा गेम चारच दिशांचा आहे, ८-वे वर खेळलात तर वळणावर दांडा तिरका जातो आणि पॅक-मॅन कोपऱ्यात नुसता उभा राहतो, मागून भूत येतं, आणि वाटतं आपल्याला आता खेळताच येत नाही. खेळता येतं. गेट चुकीचं आहे.

आता माझी चूक ऐका म्हणजे तुमचा प्लाय वाचेल. मी ३० मिलीमीटरची क्लिपवाली बटणं मागवली, जी वरून दाबली की टक करून बसतात, आणि मेस्ताने १८ मिलीमीटरच्या प्लायला सुंदर गोल भोकं पाडून ठेवली. बटणं बसेनात. म्हणजे आत जायची, पण क्लिपला पकडायला काही नाही, कारण ती बटणं २ ते ४ मिलीमीटरच्या पातळ पत्र्यासाठी नाहीतर अॅक्रिलिकसाठी बनवलेली असतात. जोरात खेळलं की अख्खं बटण हातात. शेवटी वर ३ मिलीमीटरचं अॅक्रिलिक टाकलं आणि खालच्या प्लायची भोकं मोठी केली, तेव्हा जमलं. लाकडात थेट बसवायचं असेल तर लांब आट्यांची, मागून नट लावायची बटणं मागवा, अमेरिकन पद्धतीची, त्यांना २८ मिलीमीटरचं भोक लागतं. भोक पाडताना खाली टाकाऊ फळी धरायला सांगा, नाहीतर होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडायची करवत, बाहेर पडताना प्लायचे टवके काढतो. आणि जॉयस्टिक १८ मिलीमीटरच्या प्लायखाली तशीच लावली तर वर दांडा आखूड उरतो, तिथे खालून खाच मारून घ्यायची, ५-६ मिलीमीटर लाकूड शिल्लक राहील एवढी.

वायरिंगला लोक घाबरतात, पण सोल्डरिंग लागतच नाही. झिरो डिले नावाचा यूएसबी एन्कोडर बोर्ड मिळतो, कुठलं बटण दाबलं ते कॉम्प्युटरला कळवणारा, प्रत्येक बटणाची दोन वायरींची जोडी त्यात खोचायची, दुसरी टोकं बटणाच्या पिनांवर. नाव झिरो डिले असलं तरी थोडासा डिले असतोच, पण आपल्यासारख्यांना तो जाणवत नाही, जाणवतो तो टीव्हीचा, म्हणून टीव्हीत गेम मोड आधी चालू करा. वायरींची टोकं दोन मापांची येतात, २.८ आणि ४.८ मिलीमीटर, मागवताना बटणाशी जुळतात का बघा, ढिली बसली तर पावसाळ्यात पहिली तीच दगा देतात. अजून एक: दोन खेळाडूंसाठी दोन सारखेच बोर्ड लावले तर मशीन चालू करताना कधी कधी पहिला आणि दुसरा खेळाडू अदलाबदल होतात, कारण कॉम्प्युटरला दोन्ही जुळे दिसतात. भाचा आठवडाभर रडत होता, "मामा, माझा माणूस हलतच नाही." दोन खेळाडूंचा एकच बोर्ड घेतला आणि भानगड मिटली, तुम्ही सुरुवातीपासूनच तो घ्या.

मेंदू कुठला घालायचा? बहुतेक लोक रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर सांगतात आणि पाय ४ खरंच पुरतो, जुने आर्केड गेम आरामात चालतात, त्यावर रेट्रोपाय किंवा बॅटोसेरा हे जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर टाकायचं. पण मी स्वतः ऑफिसमधून निघालेला जुना छोटा पीसी वापरलाय आणि तोच सांगेन. एक तर पाय हा एसडी कार्डावर चालतो आणि आपल्याकडे पावसात लाईट जाते तशी मध्येच गेली की कार्ड खराब होतं, माझ्या मित्राची एका पावसात दोन गेली. पाय वापरायचाच तर कार्डाची कॉपी काढून ठेवा, छोटा यूपीएस लावा आणि अॅडॅप्टर मोबाईलचा नको, पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपियरचा हवा, पाय ५ ला ५ अँपियरचा. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, ते गेमचं.

गेमचं सरळ सांगतो. मेम नावाचा प्रोग्रॅम निकोला साल्मोरियाने १९९७ मध्ये आणला, जुनी आर्केड मशीनं नष्ट होतायत ती निदान सॉफ्टवेअरमध्ये जिवंत राहावीत म्हणून, २०१६ पासून तो ओपन सोर्स आहे, तो वापरण्यात काही गैर नाही. पण गेमच्या फायली, ज्यांना रॉम म्हणतात, त्या कुणाच्या तरी मालकीच्या आहेत, आणि तयार मशीनवर "३००० गेम फुकट" लिहिलेलं असतं ते बहुतेक सगळं विनापरवाना. ज्यांनी हे गेम बनवले त्यांच्यामुळे आपलं बालपण झालं, त्यांना चार पैसे मिळावेत असं मला मनापासून वाटतं. आणि आता विकत मिळतात की. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात २०२१ मध्ये कॅपकॉम आर्केड स्टेडियम आलं, त्यात स्ट्रीट फायटर २, फायनल फाइट, सगळे आहेत. मेटल स्लग मिळतो, पॅक-मॅन म्युझियम प्लस मिळतं, आणि सेलमध्ये तर एका पिझ्झाच्या पैशात एक कलेक्शन येतं. हे सगळं साध्या पीसीवर चालतं, पायवर धड चालत नाही. म्हणून पीसी. मुस्तफा मात्र या कलेक्शनमध्ये नाही, तो मूळ कॉमिकवरून केलेला गेम, त्यामुळे हक्कांची भानगड असावी, आणि ज्याने ज्याने मशीन बघितलं त्याने तोच पहिला मागितला याचं मला अजून वाईट वाटतं. फुकट आणि कायदेशीर हवं असेल तर मेमच्या स्वतःच्या साइटवर मालकांनी परवानगी दिलेले रॉबी रोटो, ग्रिडली असे थोडे गेम आहेत, बटणं तपासायला बरे.

स्क्रीन जुनी १९ इंची एलसीडी, चौकोनी, ऑफिसं रिकामी करताना विकतात ती. रुंद टीव्हीवर जुने गेम लावले की दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात, चौकोनीवर जवळजवळ भरून दिसतात. पॅक-मॅन, स्पेस इन्व्हेडर्स, गॅलागा हे उभ्या स्क्रीनचे गेम, स्ट्रीट फायटर, मेटल स्लग आडव्या स्क्रीनचे, तुम्ही काय जास्त खेळणार त्यावर ठरवा. स्वस्त पॅनल उभा केला की एका बाजूने रंग फिके दिसतात, दुकानातच आडवा-उभा करून बघा. आणि त्या जुन्या स्क्रीनला बहुधा व्हीजीए हे जुन्या पद्धतीचं सॉकेट असतं, पीसीला ते नसेल तर कन्व्हर्टर लागेल ते आधीच धरा. काही लोकांना खरा पिक्चर ट्यूबवाला टीव्ही हवा असतो, चित्र खरंच गोड दिसतं त्यावर, पण त्याचं मागचं झाकण स्वतः कधी उघडू नका. आत हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावर पण ट्यूबमध्ये चार्ज राहतो. माणूस दगावू शकतो.

आता अंग. आमच्या मेस्ताने एमडीएफचा तुकडा हातात घेतला, कडेला नखाने खरवडलं आणि एवढंच म्हणाला, "बाब, हें पावसांत फुगतलें." आयएस ७१० शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या, ८ बाय ४ ची एक शीट १८ मिलीमीटरची आणि अर्धी १२ ची, टेबलावर ठेवायचं छोटं कॅबिनेट असेल तर १२ ची एकच शीट पुरते. दर्शनी भागाला सनमायका, आणि प्रत्येक कापलेली कड, विशेषतः खालची जी दिसत नाही ती, प्रायमर मारून बंद करायला लावा, मेस्त कंटाळा करतील, तुम्ही तिथे उभे राहा. परदेशी व्हिडीओत कडेला टी-मोल्डिंग, म्हणजे खाचेत बसणारी प्लास्टिकची पट्टी दाखवतात, त्यासाठी बारीक खाच मारायचं वेगळं हत्यार लागतं, आपल्याकडे सागाचं लिपिंग, म्हणजे बारीक लाकडी पट्टी मारा, जास्त छान दिसतं आणि सुटत नाही. कंट्रोल पॅनल जमिनीपासून ३६ ते ३८ इंचांवर, पोरांना खाली छोटं स्टूल. पॅनल पुढून बिजागरीवर उघडेल असा करा, ही एक गोष्ट ऐकलीत तरी पुरे, कारण पुढची दहा वर्षं तुम्ही तेच उघडणार आहात. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. तळाला दोन इंचाचे रबरी पाय, म्हणजे फरशी पुसताना पाणी लागणार नाही. मागे वर-खाली हवेला भोकं, पण त्यांना मच्छरदाणीची जाळी मारा, पाल आणि मुंग्या यांना गरम कॉम्प्युटर फार आवडतो, पाल बोर्डावर मेली की बोर्ड पण जातो. आवाजाला कॉम्प्युटरचे जुने स्पीकर बस.

लाईटचं काम आत एक चांगला एक्स्टेंशन बोर्ड, त्यात सगळे अॅडॅप्टर, बाहेर एकच स्विच. तीन पिनांचा प्लग आणि घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, ओल्या पायांनी पोरं खेळायला येतात.

मशीन चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, पावसात भिंत ओल धरते, हातभर पुढे ठेवा, आणि बाल्कांवात (घरापुढच्या उघड्या ओट्यावर) तर नकोच कितीही छान दिसलं तरी. पावसाळ्यात खेळायला वेळ नसला तरी आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवा, आतल्या गरमीने ओलावा निघून जातो, आणि आत सिलिका जेलची पाकिटं टाका. समुद्राजवळ राहता, कळंगुट, कोलवा, मोरजी वगैरे, तर बटणांच्या पिना हिरव्या पडतात, दिवाळीच्या साफसफाईत कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारून पुसा. बटणाखालचा मायक्रोस्विच सुटा मिळतो, वीस-पंचवीस रुपयांना, दोन मिनिटांत बदलतो.

मला पडलेला हिशेब: जुना पीसी ६५००, स्क्रीन २२००, दोघांचे जॉयस्टिक-बटणं-बोर्ड ४८००, प्लाय आणि सनमायका ६०००, मेस्ताची मजुरी तीन दिवसांची ४२००, बाकी अॅक्रिलिक, स्पीकर, स्क्रू, वायरी मिळून १८०० च्या आसपास. २५ हजार ५०० झाले. चुलतभावाचं तयार मशीन याच्या दुप्पट होतं. म्हणजे स्वस्त पडलं खरं, पण माझे चार-पाच रविवार गेले ते यात धरलेले नाहीत, आणि रविवार ज्यांना मोकळे मिळत नाहीत त्यांनी तो खर्च आधी धरावा. त्या फुगलेल्या मशीनचं पुढे काय झालं विचाराल तर त्याच मेस्ताने प्लायचं नवीन अंग करून दिलं, आत जुनाच बोर्ड आणि जुनीच स्क्रीन, मस्त चालतंय.

आता लगेच मेस्ताला फोन लावू नका. चवथीच्या आधी ते माटोळीच्या (गणपतीवर फळं-भाज्या टांगायची लाकडी चौकट) आणि मखराच्या कामात असतात, आणि पावसात व्हार्निश दिवस दिवस सुकत नाही, हात लावला की चिकटतं. पावसाळ्यात घरी बसून पेटी करा, वायरिंग करा, टीव्हीवर खेळा, पुठ्ठ्यावरच्या खुणा बदला. दिवाळी झाली, ऊन कडक पडायला लागलं, की प्लाय आणायला जायचं.